आत घेतलेला सदरा

पन्नाशी उलटली तरी त्याला सगळे धाकटे मास्तरच म्हणत. केस पांढरे झाले, दाढा पडल्या, स्वतःची मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात नांदू लागली, तरी दुकानात थोरले मास्तर, म्हणजे त्याचे वडील, बसलेले असल्यामुळे त्याला बढती मिळायची काही सोय नव्हती. समोरचा किल्लीवाला म्हणायचा, "तुमचं युवराजासारखं आहे. राज्यही नाही आणि सुटकाही नाही." धाकटा हसायचा आणि मशीन चालवत राहायचा.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काचेचं दार, दाराशी दोन मशिनं, मागच्या भिंतीला लागून कापायचं लांब टेबल आणि त्याच्यावर खाली ओढता येणारा दिवा. टेबल थोरल्यांचं, मशीन धाकट्याचं. ही वाटणी कुणी बसून केली नव्हती. ऐन तारुण्यात धाकट्याने एकदा कात्री हातात घेतली होती. कापड अंथरलेलं, गिऱ्हाईक समोर उभं, खडूच्या रेघा वडिलांनीच मारून दिलेल्या. फक्त रेघेवरून जायचं होतं. पण तळहाताला असा घाम सुटला की कात्री हातातून निसटू लागली. थोरल्यांनी ती हळूच काढून घेतली आणि म्हणाले, "राहू दे. तू शिव." तेव्हापासून तो शिवतच होता.

"शिवलेलं उसवता येतं, कापलेलं परत येत नाही," असं थोरले म्हणायचे. ते कापडाबद्दल म्हणायचे. धाकट्याने ते सगळ्याच बाबतीत खरं धरलं. कुणाला ठाम नाही म्हणायचं नाही, ठाम होही म्हणायचं नाही, जे करायचं ते असं की उद्या मोडता यावं. घराला रंग कुठला द्यायचा याचा त्याने इतका विचार केला की तोवर भिंतींनी स्वतःचाच एक रंग धरला. "आमच्या ह्यांचं सगळं कच्च्या टाक्यांचं," बायको शेजारणीला सांगायची. "लग्नसुद्धा कच्च्या टाक्यांचंच होतं. मीच मागून मशीन मारून घेतली."

कामात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ढिलं झालेलं आत घ्यावं, घट्ट झालेलं सोडावं, फाटलेलं असं मिटवावं की ज्याचं त्यालाही सापडू नये. लोक कपडा उलटा करून बघायचे आणि मान हलवायचे. बापाने कापावं आणि मुलाने शिवावं, असं सुरळीत चाललं होतं. मग थोरल्यांच्या पोटात गाठ निघाली.

इस्पितळात धाकट्याला आणि त्याच्या बायकोला आधी एका इमारतीत पाठवलं, मग दुसऱ्या. शेवटी एका लांब बोळाच्या टोकाला असलेल्या खोलीत ते पोचले. तिथल्या डॉक्टरबाई मधलं टेबल सोडून धाकट्याच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या, ते त्याला आवडलं नाही. डॉक्टर माणूस टेबलापलीकडे बसलेला बरा असतो.

"आता आजार बरा करण्यासाठी काही करायचं राहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना दुखू नये, धाप लागू नये, भीती वाटू नये, एवढं आम्ही बघू. त्यांना घरी न्या. आमची सिस्टर येत जाईल."

"म्हणजे थोडी ताकद आली, की मग पुढचं..."

"ताकद येणार नाही."

त्यांनी हे इतकं हळू सांगितलं की त्यात काहीतरी शिल्लक असावं असं त्याला वाटलं. बाहेर बाकावर बायको बसली होती. तिने विचारलं, "काय म्हणाल्या?"

"बघू म्हणाल्या," तो म्हणाला.

घरी आल्यावर बहिणीचा फोन आला. ताई त्याच्याहून मोठी, लांबच्या शहरात राहणारी, आणि फोनवरूनही खोलीत येऊन उभी राहिल्यासारखी बोलणारी.

"त्यांना काही सांगू नकोस हं. आशा तुटली की माणूस खचतो."

"नाही सांगत."

"आणि त्यांच्यासमोर रडू नकोस. तुझा काही भरवसा नाही."

"मी कुठे रडतो."

"आत्ता रडतोयस."

दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या खोलीत खाट टाकली. थोरल्यांनी ती स्वतः सांगून अशी लावून घेतली की डाव्या कुशीवर वळलं की उघड्या दारातून मशीन दिसावं. ते दिवसभर डाव्या कुशीवरच असत. धाकटा मान वर करायचा तेव्हा वडिलांचे डोळे त्याच्या हातांवर असायचे.

ते वाळत चालले होते. आधी गालफडं बसली, मग मनगटं बारीक झाली, मग सदऱ्याच्या कॉलरमध्ये मान बादलीत ठेवलेल्या काठीसारखी दिसू लागली. थोरल्यांना आयुष्यभर कशाचा तिटकारा असेल तर ढगळ कपड्याचा. ढगळ कपडा म्हणजे कापणाऱ्याची चूक, यावर त्यांनी गिऱ्हाइकांशी भांडणं केली होती. आणि आता त्यांनी स्वतः कापलेले, स्वतःच्या मापाचे सदरे त्यांच्या अंगावर लोंबत होते.

"हा कुणाचा आणलास?" एका सकाळी त्यांनी विचारलं.

"तुमचाच आहे, बाबा."

"माझा? यात माझ्यासारखे दोघं मावतील. अजून एकाला बोलावून घे, मला सोबत होईल."

धाकटा हसला. मग टेप घेऊन आला. वडिलांना उशीला टेकवून बसवलं, छातीचं माप घेतलं, बगलेखालून टेप फिरवताना बरगड्या बोटांना लागल्या. त्याने माप मनात धरलं, मोठ्याने म्हटलं नाही. एरवी तो माप पुकारायचा आणि थोरले लिहून घ्यायचे.

सदरा त्याने दोन्ही बाजूंनी आत घेतला. कापलं काहीच नाही. जुन्या शिवणीच्या आत नवी शिवण मारली, उरलेलं सगळं कापड आतल्या आत दुमडून सपाट केलं आणि वर एक टीप घालून बसवलं. बाहेरून बघाल तर सदरा जन्मापासून त्याच मापाचा. वडिलांच्या अंगात घातला तेव्हा ते पुन्हा मास्तर दिसू लागले. त्यांनी दोन बोटं बगलेखाली घातली आणि शिवणीवरून खालपर्यंत फिरवत नेली.

"सगळं आत ठेवलंस."

"असू दे की. अंग भरलं की टीप उसवायची, झालं. मग कुठे कापड जोडत बसायचं?"

थोरले त्याच्याकडे बघत राहिले. माप घेण्याआधी ते माणसाकडे बघायचे तसं.

"हो," ते म्हणाले. "असू दे."

काही दिवसांनी सदरा पुन्हा ढिला झाला. त्याने पुन्हा आत घेतला. मग पुन्हा. प्रत्येक वेळी एक शिवण आत सरकायची आणि कापडाचा एक पदर वाढायचा. घरात सगळ्यांना कशाची ना कशाची भीती वाटत होती. बायकोला बाटलीतल्या औषधाची भीती, कमी पडलं तर, जास्त झालं तर. फोन वाजला की भीती, नाही वाजला की भीती. फक्त मशीनवर सदरा असायचा तेवढा वेळ धाकट्याला काय करायचं ते माहीत असायचं. टाके बारीक, रेघ सरळ, टोकाला उलट फिरवून पक्की केलेली. तो शिट्टी वाजवायचा नाही, पण वाजवल्यासारखा दिसायचा.

"तुम्ही त्या सदऱ्याला जेवढं जपता ना," बायको म्हणाली, "तेवढं कुणी मला जपलं असतं तर मी अजून लग्नातल्यासारखीच राहिले असते."

"तशीच आहेस की."

"बघितलंय कधी? टेप लावल्याशिवाय तुम्हाला काही दिसत नाही."

दुपारी थोरले बोलायचे. औषधाचा असर असा नेमका असायचा की जेवणाच्या वेळेनंतर दुखणं मागे सरायचं आणि झोप अजून यायची असायची. त्या फटीत ते जुन्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायचे. एक खांदा खाली असलेला पोस्टमन, ज्याचा कोट त्यांनी असा कापला की त्याच्या बायकोला वाटलं खांदा बरा झाला. पोट लपवून माप देणारे आणि मग कपडा घट्ट झाला म्हणून भांडायला येणारे. "माणूस टेपसमोर जितकं खोटं बोलतो तितकं कुठेच बोलत नाही," ते म्हणायचे. धाकटा मशीन थांबवून ऐकायचा. इतकी वर्षं एका खोलीत काढून त्याने हे ऐकलंच नव्हतं. कामाच्या वेळी बोलायचं नाही, असा थोरल्यांचा नियम होता.

मग दुखणं वाढलं. कूस बदलताना ते दातओठ खात. "कुठे दुखतंय?" विचारलं की "इथेच, कुठेतरी," असं म्हणून हात पोट आणि बरगड्यांमध्ये कुठेतरी ठेवत. नर्सने सांगून ठेवलं होतं की मधेच दुखलं तर औषधाचं एक जादा माप द्यायचं आणि फोन करायचा. त्याने दिलं, फोन केला. डॉक्टरबाईंनी रोजचं मापही वाढवलं. औषधाने थोरले शांत झाले. फार शांत झाले. दुपारची ती फट बुजली.

एकदाच, जादा औषध दिल्यावर, त्यांनी आपणहून सुरुवात केली. "तुझी आई पहिल्यांदा दुकानात आली ना, तेव्हा तिने मला माप घेऊ दिलं नाही. म्हणाली..." आणि पापण्या मिटल्या. धाकटा खाटेच्या कडेवर बसून राहिला. आई जाऊन खूप काळ लोटला होता. ती काय म्हणाली ते आता जगात एकाच माणसाला माहीत होतं. संध्याकाळी त्याने विचारलं, "बाबा, आई काय म्हणाली होती?" थोरल्यांनी त्याच्याकडे परक्यासारखं पाहिलं. "कोण? कधी?" दुसऱ्या दिवशी विचारलं, तेव्हाही नाही.

नर्स दर आठवड्याला यायची. तिची छोटी गाडी, मागच्या सीटवर औषधांच्या पेट्या, आणि आल्या आल्या हात धुताना काहीतरी चेष्टा. आधीच्या खेपेला थोरल्यांनी तिला पाठ दाखवली होती, टाचा दाखवल्या होत्या, पण डावा हात अंगाशी धरून ठेवला होता. धाकटा अंग पुसायचा तेव्हाही ते म्हणायचे, "पुरे आता, थंडी वाजते." या खेपेला नर्स ऐकेना.

"आजोबा, आज सदरा पूर्ण काढायचा. लाजायचं नाही."

"या वयात लाजायला उरलंय काय."

"मग हात वर करा बघू."

हात वर झाला आणि ती बोलायची थांबली. धाकटा उशाशी उभा होता. त्यालाही दिसलं. बगलेखालून बरगड्यांवरून खाली एक लाल रेघ गेली होती, पट्टीने मारल्यासारखी सरळ. मधे एका ठिकाणी कातडी सोलवटून ओली झाली होती. रेघेच्या टोकाला, जिथे तो टीप उलट फिरवून पक्की करायचा, तिथे तेवढ्याच लांबीचा गडद डाग होता. आपलं काम त्याने लगेच ओळखलं.

नर्सने सदरा उलटा केला आणि आतली शिवण अंगठ्याने दाबून पाहिली. ती दोरखंडासारखी लागत होती.

"हे कुणी शिवलं?"

"मी."

"शिवलंय छान," ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं. "पण दादा, यांच्या अंगावर आता मांस राहिलेलं नाही. खाली हाड, वर कातडी, आणि त्याच्यावर दिवसभर ही एवढी जाड घडी."

"मग ते दुखत होतं ते..."

"पोटाचंही असेल." तिने सदरा बाजूला ठेवला. "पण बरंचसं हे असणार. जादाचं औषध आपण कमी करून बघू. डॉक्टरांशी बोलते मी." मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "एखादा जुना मऊ कपडा मिळेल का? खूप धुतलेला. आणा."

तो पुढच्या खोलीत आला. टेबलाखाली जुन्या चादरींचं बोचकं होतं. तो वाकला, पण बोचक्याला हात लावलाच नाही. दार अर्धं उघडं होतं. आतून आवाज येत होते, कापूस फाडल्याचा, बाटलीचं झाकण उघडल्याचा.

"आजोबा, हे टोचत नव्हतं?"

"टोचत होतं."

"मग सांगायचं ना. घरात शिंपी आहे तुमच्या."

"तोच तर शिवत होता."

मग थोरले पुन्हा बोलले, दम घेत घेत.

"त्याचा हात रिकामा राहिला की तो घाबरतो. लहान होता तेव्हापासून. म्हटलं, शिवू दे."

"आणि तुम्ही सोसायचं?"

"मला काय, पडूनच राहायचंय. प्रत्येक वेळी सगळं कापड आत ठेवतो तो. कशासाठी ठेवतो ते मला कळत नाही होय, सिस्टर? मी कापणारा माणूस आहे."

धाकटा टेबलाखाली वाकलेलाच राहिला. आपण वडिलांपासून काहीतरी लपवतोय, असं समजून तो इतके दिवस चेहरा सांभाळत वावरत होता. आणि ते सगळं दर खेपेला वडिलांच्या बोटांखालून जात होतं. त्यांनी ते वाचलं होतं, आणि त्याच्यासाठी त्यावर कूस ठेवून पडून राहिले होते. त्या दुखण्याच्या पायी औषध वाढलं, औषधाच्या पायी त्या बोलत्या दुपारी गेल्या. आई काय म्हणाली तेही गेलं. याची शिवण कुठून उसवायची ते त्याला समजेना.

जाताना नर्सने त्याला दाराशी थांबवलं. "पाठीमागून उघडा असा काहीतरी करा, नुसत्या बंदांचा. बाजूला शिवण नको. जितकी शिवण कमी तितकं बरं."

"म्हणजे शिवू नका म्हणता."

"कमी शिवा म्हणते," ती म्हणाली. मग गाडीकडे जाता जाता वळली. "तुमच्यासारखी खूप माणसं बघते मी, दादा. कुणी भरवून भरवून त्रास देतो, कुणी पाय दाबून दाबून. तुम्ही शिवून दिलात."

तो टेबलाशी गेला. बोचक्यातली एक जुनी चादर अंथरली. दिवा खाली ओढला. खडूने मापाची रेघ मारली, आणि सवयीने तिच्या बाहेर, आत राखायच्या कापडाची दुसरी रेघ मारायला हात गेला. तो थांबला. बायको स्वयंपाकघरातून येऊन उभी राहिली.

"मी कापू?"

"नको."

वडिलांची कात्री जड होती, आणि तिची मूठ त्यांच्या अंगठ्याने झिजून त्यांच्याच अंगठ्याची झाली होती. त्याचा अंगठा तिच्यात नीट बसला नाही. तळहाताला घाम आलाच. हात पँटला पुसत, थांबत, पुन्हा पुसत त्याने त्या एकाच रेघेवरून कापलं. कापडाची बाहेरची पट्टी सुटून जमिनीवर पडली. बायकोने ती उचलली आणि आत घेऊन गेली.

थोरले जागे होते.

"कात्री कोण चालवत होतं?"

"मीच."

"वाटलंच. मधे मधे थांबत होतास. थांबायचं नसतं, कापड बिचकतं."

त्याने बंद सोडून तो कपडा त्यांच्या अंगावर पुढून घातला, हात एकेक करून आत घेतले. बगलेखाली कापड नुसतं पडलं होतं. थोरल्यांची दोन बोटं तिथे गेली, शोधत खाली उतरली आणि थांबली.

"आत किती सोडलंस?"

"नाही सोडलं."

थोरल्यांनी डोळे मिटले. त्यांचा श्वास वर गेला, खाली आला.

"बरोबर," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "तुझ्या ताईला ठाऊक आहे?"

"आहे. ती म्हणाली तुम्हाला सांगू नको."

"मग सांगू नकोस," थोरले म्हणाले. त्यांचे खांदे हलले. धाकट्याला वाटलं उबळ आली, म्हणून तो पुढे झाला. ते हसत होते.

धाकट्याला कुठेतरी असं वाटत होतं की एकदा हे दोघांमध्ये बोलून झालं की काहीतरी मोकळं होईल, वडील काही सांगतील, तो काही विचारील. तसं झालं नाही. औषध कमी केलं, पण थोरले पुन्हा तेवढे जागे झाले नाहीत. आता आजारच त्यांना झोपवत होता. जखमेवर रोज मलम लावायचं, ती ना भरायची ना वाढायची. "भरायला अंगात काही लागतं ना," नर्स म्हणाली. खरं कळल्यावर करण्यासारखं आणखी कमी राहिलं, एवढाच काय तो फरक पडला.

तो नवा कपडाही फार दिवस चालला नाही. हात उचलला की थोरले कण्हू लागले, आणि नर्स म्हणाली की आता अंगात काही घालूच नका, वरून नुसती हलकी चादर असू दे. धाकट्याने तो कपडा धुतला, घडी घातली आणि घडी हातात घेऊन कुठे ठेवायची ते न सुचून बराच वेळ उभा राहिला.

ताई आली ती बॅग दारात टाकून थेट आत गेली. वडिलांच्या कपाळावरून हात फिरवला, चादर सारखी केली, मग चादरीखाली पाहिलं आणि भावाला स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"अंगावर कपडा नाही त्यांच्या."

"सिस्टर म्हणाली..."

"सिस्टर काय, येते आणि जाते. अरे, सगळ्या गावाला कपडे घातले त्या माणसाने. घरात मशीन आहे, तू आहेस. आणि ते उघडे?"

बायकोच मधे पडली. "ताई, त्यांना सहन होत नाही हो. ह्यांनी केला होता, काढावा लागला."

"तू त्यांना सांगितलंस का?" ताई भावाला म्हणाली. "खरं सांग."

"त्यांना ठाऊक होतं."

"कुणी सांगितलं?"

"मीच," तो म्हणाला. "शिवून."

ताईला त्यातलं काही कळलं नाही, पण तिने पुन्हा विचारलं नाही. ती खाली स्टुलावर बसली, पर्स मांडीवर घेतली, आणि मग पर्समध्येच तोंड घालून रडली. त्याला दुसऱ्याच्या रडण्याचं काय करायचं ते कधीच जमलं नव्हतं. बायकोने चहा ठेवला.

दुकानात एक बाई अस्तर बदलायला कोट घेऊन आल्या. "केव्हा देता?" त्यांनी विचारलं. एरवी तो म्हणाला असता, बघू, पुढच्या आठवड्यात या.

"नाही जमणार," तो म्हणाला. बाई कोट हातात घेऊन गोंधळून बघत राहिल्या. तो त्यांच्याकडे न बघता आत गेला. वडिलांची उशी सरळच होती. त्याने ती सरळ केली.

त्यांचे ओठ सुकून पापुद्रे निघू लागले. गिळणं बंद झालं होतं. नर्सने एक लहान काडी दिली, टोकाला बोळ्यासारखा स्पंज असलेली. "पाणी प्यायला द्यायचं नाही. नुसतं ओठांवरून आणि जिभेवरून फिरवायचं. तेवढंच त्यांना बरं वाटेल."

पहिल्याच खेपेला तो चुकला. स्पंज पाण्यातून काढला तो तसाच निथळता तोंडात नेला. थोरल्यांना ठसका लागला, चेहरा निळसर झाला, घशातून असा आवाज आला की ताई धावत आली आणि तिने त्याच्या हातातून काडी हिसकावून घेतली. "जीव घेशील त्यांचा." नर्सला फोन केला. ती ओरडली नाही. म्हणाली, "ग्लासच्या काठावर दाबून घ्या. एक थेंब खाली पडेनासा झाला की मग." त्याने काडी परत मागितली. ताईने थोडा वेळ दिली नाही. मग दिली.

स्वयंपाकघरात जाऊन त्याने कपभर पाण्यावर सराव केला. बुडवायचं, काठावर दाबायचं, उलटं धरून बघायचं. बायको भांडी विसळत होती. तिने मागे वळून पाहिलं आणि नळ बारीक केला.

दुपारी ताई खुर्चीत बसल्या बसल्या डुलकी घेऊ लागली. काचेच्या दारातून आलेला उजेड मशीनवरून मधल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत पोचला होता. धाकट्याने काडी दाबून घेतली, उलटी धरून पाहिली, आणि वडिलांच्या खालच्या ओठावरून फिरवली. मग वरच्या. मग जराशी आत. थोरल्यांचे ओठ मिटले आणि स्पंज त्यांच्यात राहिला.

त्याने ओढून पाहिलं नाही. आतलं पाणी केव्हाच संपलं असणार. खाटेवर वाकून राहिल्याने पाठ भरून आली, मग खांदा. हात हलू नये म्हणून त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं.

ताईला जाग आली. "अरे, काढ ना ते."

"त्यांनी धरलंय."

ती उठून जवळ आली. वाकून पाहिलं, भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नुसते मिटलेत रे ओठ. झोपेत."

"असेल."

"मग काढ."

बाहेर कुणीतरी काचेवर टकटक केली, थोडा वेळ थांबलं, पुन्हा केली, आणि निघून गेलं. ताईने खुर्ची ओढून खाटेच्या दुसऱ्या बाजूला घेतली आणि बसली. तो तसाच वाकून उभा होता.